कॅन्सल, पोस्टपोन की सस्पेंड? मेसेजमधला एक शब्द चुकीचा वाचला तर बसू शकतो फटका. जाणून घ्या नेमका फरक

पावसाळ्याचे दिवस, रात्रीची गाडी आणि निघायच्या आधी मोबाइलवर मेसेज येतो. घाईत वाचणाऱ्याला एवढेच कळते की गाडीचे काहीतरी बिनसले आहे. तो ॲप उघडतो आणि तिकीट ‘कॅन्सल’ करून मोकळा होतो. प्रत्यक्षात मेसेजमध्ये शब्द असतो ‘रीशेड्यूल्ड’. म्हणजे गाडी सुटणार असते, फक्त उशिरा. स्वतःहून तिकीट रद्द केल्यामुळे आता नियमाप्रमाणे पैसे कापले जातात आणि जागाही हातची जाते.

‘कॅन्सल’ हा शब्द मराठी घरांत इतका रुळला आहे की बेत, ऑर्डर, कॅब, क्लास असे सगळेच ‘कॅन्सल’ होते. पण इंग्रजीत न होणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी हा शब्द वापरत नाहीत. पुढे ढकलणे, तात्पुरते थांबवणे, अर्ध्यावर सोडणे आणि कायमचे रद्द करणे यांसाठी वेगवेगळी क्रियापदे आहेत. शब्द बदलला की हक्क बदलतो आणि पुढे काय करायचे तेही बदलते.

शब्द आला कुठून?

‘कॅन्सल’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘कॅन्सेली’ म्हणजे जाळी. जुन्या काळी लेखनिक नको असलेल्या मजकुरावर आडव्यातिडव्या रेघा मारत. त्या रेघा जाळीसारख्या दिसत, म्हणून मजकूर खोडण्याच्या क्रियेला हे नाव पडले. विद्यापीठाच्या कुलपतींसाठी वापरला जाणारा ‘चान्सलर’ हा शब्दही याच मुळाचा. न्यायालयातील जाळीच्या कठड्यापाशी बसणाऱ्या अधिकाऱ्यावरून तो आला.

ही जुनी रीत आजही बँकेत दिसते. ‘कॅन्सल्ड चेक’ मागितला की चेकवर दोन रेघा ओढून मध्ये ‘कॅन्सल्ड’ लिहायचे. त्यावर सही करण्याची गरज नसते. हा चेक पैसे काढण्यासाठी नसून खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड दाखवण्यासाठी असतो.

आपला ‘रद्द’ हा शब्दही बाहेरूनच आलेला, मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि कागदपत्रांत कायमचा राहिला.

कॅन्सल आणि पोस्टपोन : परीक्षार्थींसाठी सर्वात महत्त्वाचा फरक

जून २०२४ मध्ये देशभरातील परीक्षार्थींनी हा फरक अनुभवला. यूजीसी-नेट परीक्षा १८ जूनला झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती ‘कॅन्सल’ करण्यात आली. म्हणजे दिलेला पेपर बाद झाला आणि सर्वांना परीक्षा नव्याने द्यावी लागली. त्याच आठवड्यात २३ जूनला होणारी नीट-पीजी परीक्षा आदल्या रात्री ‘पोस्टपोन’ झाली. इथे काहीच बाद झाले नव्हते, फक्त तारीख पुढे गेली. ती परीक्षा ११ ऑगस्टला झाली.

पहिल्या प्रकारात केलेले शून्य होते, तर दुसऱ्या प्रकारात अर्ज, शुल्क, पात्रता हे सगळे कायम राहते. म्हणूनच ‘परीक्षा कॅन्सल झाली’ असा मेसेज ग्रुपवर पुढे पाठवण्याआधी मूळ सूचनेत कोणता शब्द आहे, हे पाहायला हवे.

खेळातही हेच दिसते. २०२० मध्ये करोनामुळे विम्बल्डन ‘कॅन्सल’ झाले, त्या वर्षीची स्पर्धा झालीच नाही. टोकियो ऑलिम्पिक मात्र ‘पोस्टपोन’ झाले आणि २०२१ मध्ये पार पडले.

एका शब्दावर मालिकेचा निकाल

सप्टेंबर २०२१ मध्ये भारत-इंग्लंड मालिकेतील पाचवी कसोटी मँचेस्टरला होणार होती. भारत २-१ने पुढे होता. भारतीय पथकातील करोना प्रकरणांमुळे सामना सुरू होण्याच्या दिवशीच तो होणार नसल्याचे जाहीर झाले. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या पहिल्या निवेदनात भारत सामना ‘फॉरफिट’ करत असल्याचा उल्लेख होता. थोड्याच वेळात तो शब्द काढून टाकण्यात आला.

कारण ‘फॉरफिट’ म्हणजे सामना न खेळता प्रतिस्पर्ध्याला बहाल करणे. तसे झाले असते तर मालिका २-२ अशी बरोबरीत सुटली असती. ‘कॅन्सल’ म्हटल्याने तो प्रश्न खुला राहिला. अखेर ही कसोटी जुलै २०२२ मध्ये एजबॅस्टनला झाली. ती इंग्लंडने जिंकली आणि मालिका मैदानावरच बरोबरीत सुटली.

सुरू झालेला सामना पावसामुळे अर्ध्यावर सोडावा लागला, तर त्याला ‘अबँडन्ड’ म्हणतात.

न्यायालय आणि विधिमंडळात

सर्वाधिक गोंधळ ‘स्टे’ या शब्दाने होतो. ‘स्टे’ म्हणजे स्थगिती. कायदा किंवा आदेश कागदावर जिवंत असतो, पण त्याची अंमलबजावणी थांबते. मराठा आरक्षणाच्या २०१८च्या कायद्याबाबत हे दोन्ही टप्पे आले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२०मध्ये त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली, तर मे २०२१मध्ये तो रद्दबातल ठरवला.

सरकारने स्वतः कायदा मागे घेतला तर त्याला ‘रिपील’ म्हणतात. तीन कृषी कायद्यांना जानेवारी २०२१मध्ये न्यायालयाची स्थगिती मिळाली, पण ते संपले संसदेने नोव्हेंबरमध्ये ‘रिपील’ विधेयक मंजूर केल्यावर.

विधिमंडळात दिवसाचे कामकाज ‘ॲडजर्न’ म्हणजे तहकूब होते, अधिवेशन ‘प्रोरोग’ म्हणजे संस्थगित होते आणि विधानसभा ‘डिझॉल्व्ह’ म्हणजे विसर्जित होते. यांपैकी शेवटच्या शब्दानंतरच निवडणूक येते.

परवान्याचेही तसेच. ‘सस्पेंड’ झालेला वाहन परवाना मुदत संपल्यावर पुन्हा वापरता येतो. ‘रिव्होक’ झालेला परवाना मात्र काढून घेतलेला असतो.

मराठीत सगळेच ‘रद्द’ होत नाही

मराठीने यासाठी किती बारकाईने शब्द घडवले आहेत, हे पाहण्यासारखे आहे. बेत बारगळतो, सोयरीक मोडते, बोलणी फिसकटतात. संप मागे घेतला जातो, सभा तहकूब होते, समिती बरखास्त होते, अर्ज फेटाळला जातो आणि कर्मचारी बडतर्फ होतो. या सगळ्या ठिकाणी ‘कॅन्सल’ लावले की कोणी, का आणि कितपत थांबवले, हा तपशीलच गळून पडतो.

बोलताना होणाऱ्या चुका

- ‘मीटिंग सोमवारपर्यंत कॅन्सल’ असे म्हणू नये. नवी तारीख असेल तर ‘पोस्टपोन’ म्हणावे.
- ‘कॅन्सल ऑफ’ असा प्रयोग नाही. एकतर ‘कॅन्सल’ किंवा ‘कॉल ऑफ’.
- ‘कॉल ऑफ’ हे बोलीतले रूप. सामना, संप, आंदोलन, लग्न यांसाठी ते सहज वापरले जाते. तिकीट किंवा ऑर्डर मात्र ‘कॅन्सल’च होते.
- ‘प्रीपोन’ म्हणजे अलीकडे घेणे. हा शब्द भारतीय इंग्रजीत रूढ आहे. परदेशी सहकाऱ्याला तो कळेलच असे नाही.
- ‘कॅन्सल्ड’मध्ये ब्रिटिश पद्धतीने दोन ‘एल’, अमेरिकन पद्धतीने एक. ‘कॅन्सलेशन’मध्ये मात्र दोन्हीकडे दोनच.

मेसेज आला तर काय कराल?

- गाडी ‘कॅन्सल्ड’ : ई-तिकीट असेल तर स्वतः रद्द करू नका, पूर्ण पैसे आपोआप परत येतात. खिडकीवर काढलेले तिकीट मुदतीत खिडकीवर द्यावे लागते.
- गाडी ‘रीशेड्यूल्ड’ : गाडी येणार आहे. तीन तासांपेक्षा जास्त उशीर असेल आणि प्रवास करायचा नसेल, तर गाडी सुटण्याआधी टीडीआर भरा.
- गाडी ‘डायव्हर्टेड’ : मार्ग बदलला आहे. तुमचे स्थानक त्या मार्गावर आहे का, ते आधी तपासा.
- ॲपचे सबस्क्रिप्शन : ॲप फोनमधून काढून टाकले म्हणजे सबस्क्रिप्शन ‘कॅन्सल’ होत नाही. ऑटोपे सुरूच राहते, ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करावे लागते.
- ‘डू यू वाँट टू कॅन्सल?’ : या प्रश्नाखाली पुन्हा ‘कॅन्सल’ असेच बटण असेल तर थांबा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘मागे जा’ असा असतो. ऑर्डर खरोखर रद्द करायची असेल तर ‘येस’ किंवा ‘ओके’ दाबावे लागते.