एफेल्सबर्गची वाकणारी परात

जर्मनीतल्या बॉनपासून नैर्ऋत्येला चाळीसेक किलोमीटरवर, आयफेलच्या डोंगराळ भागात, एका दरीच्या तळाशी १०० मीटर व्यासाची पांढरी परात उभी आहे. वजन ३,२०० टन. माक्स प्लांक संस्थेच्या या रेडिओ दुर्बिणीचं उद्घाटन १९७१ साली झालं आणि पुढची २९ वर्षं, हव्या त्या दिशेला वळवता येणारी एवढी मोठी दुर्बीण जगात दुसरी नव्हती. जागा दरीत निवडली ती मुद्दाम; बाहेरचा रेडिओ गोंगाट डोंगर अडवतात.

एवढं लोखंड कललं की वाकणारच. वाकतं काही सेंटिमीटर, आणि पृष्ठभाग हवा अर्ध्या मिलिमीटरच्या आत अचूक. तुळया जाड करून भागत नाही, कारण जाड तुळईला स्वतःचंच ओझं जड होतं. सेबास्टियन फॉन हेर्नर यांनी १९६७ साली तोडगा मांडला: वाकू द्या, पण असं की वाकल्यावरही आकार पॅराबोलाच राहील. नाभी सरकेल, तिच्यामागोमाग ग्रहणाची साधनं सरकवा. याला होमोलॉजी म्हणतात. गुरुत्वाकर्षणालाच आराखड्यात भागीदार करून घेणारी इतकी देखणी कल्पना स्थापत्यात मला तरी दुसरी आठवत नाही. एफेल्सबर्ग याच तत्त्वावर उभं राहिलं.

(आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला ही अडचण एवढी जाचत नाही. तिथल्या ४५ मीटरच्या ३० अँटेनांवर तारेची जाळी आहे, आणि तिथे पकडल्या जाणाऱ्या लहरी वीसेक सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटर लांबीच्या. जाळीला थोडा झोल आला तरी चालून जातं.)

होमोलॉजीने एफेल्सबर्गच्या खगोलशास्त्रज्ञांचं काम झालं. भूमापन करणाऱ्यांचं मात्र अडलं. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दुर्बिणी एकाच वेळी एकाच क्वेसारवर रोखायच्या आणि लहर कुठे किती उशिरा पोचली ते अणुघड्याळांवर मोजायचं, ही त्यांची पद्धत, नाव व्हीएलबीआय. खंड किती सरकले, पृथ्वीच्या फिरण्यात काय फरक पडला, हे त्यातून कळतं. नॅनोसेकंदाची चूक म्हणजे ३० सेंटिमीटरची चूक. इथे परातीचा आकार शाबूत राहिला एवढ्यावर भागत नाही. लहरीचा परातीतला रस्ता किती लांबला-आखडला, तेही हिशेबात धरावं लागतं.

थॉमस आर्ट्झ, ॲन स्प्रिंगर आणि ॲक्सेल नोथनागेल यांनी २०१४ साली हा हिशेब मांडला. परात सरळ वर रोखलेली असताना आणि क्षितिजाकडे असताना, या दोन्हींत रस्त्याचा फरक निघाला जवळजवळ १०० मिलिमीटर. त्यातला सर्वांत मोठा वाटा परातीचं ओझं पेलणाऱ्या मुख्य तुळईच्या वाकण्याचा. दुरुस्ती लावल्यावर दुर्बिणीची नोंदलेली उंची १२० मिलिमीटरने वाढली. दुर्बीण होती तिथेच होती.

खरी गोम पुढे आहे. जमीन वर-खाली झाली की लहरीच्या येण्याच्या वेळेत फरक पडतो, आणि दुर्बिणीच्या कलण्याच्या कोनानुसार तो ठरावीक रीतीने बदलतो. परातीच्या वाकण्याने पडणारा फरकही बराचसा त्याच रीतीने बदलतो. त्यामुळे गणित वाकण्याला उंची समजून बसतं आणि आकडेवारीत कुठे विसंगती दिसत नाही. पुन्हापुन्हा निरीक्षणं घेऊनही उपयोग नाही, कारण त्याच कोनाला परात दर वेळी तेवढीच वाकते. म्हणून लेझर स्कॅनर आणि मोजणीची साधनं घेऊन खुद्द दुर्बीणच मोजावी लागते. इटलीतल्या मेदिचिना आणि नोतो इथल्या ३२ मीटरच्या दुर्बिणी अशा मोजल्या, तेव्हा त्यांच्या उंचीत अनुक्रमे ८.९ आणि ६.७ मिलिमीटरची चूक सापडली. आकडे किरकोळ वाटतील. पण समुद्राची पातळी वर्षाला काही मिलिमीटरच वाढते, आणि ती मोजण्यासाठी लागणारी जागतिक संदर्भ-चौकट उभी करण्यात या दुर्बिणींच्या नोंदींचाही हात असतो.

त्या चौकटीच्या २०२० च्या आवृत्तीत ही दुरुस्ती मोजक्याच दुर्बिणींना लावता आली. बाकीच्या बहुतेकांचं वाकणं तोवर कुणी मोजलेलंच नव्हतं.