कोल्हापूर सोडावं का?

रमजानात असरची नमाज झाली की कोल्हापुरातल्या मशिदींच्या कट्ट्यांवर तासाभराची निवांत बैठक भरते. रोजा सुटायला थोडाच वेळ उरलेला असतो, घसा कोरडा असतो, तरी बोलणं थांबत नाही. कलिंगड कितीला मिळालं, आज भजी कुणाच्या घरून येणार, पोरगं दहावीनंतर काय करणार. आणि यात हमखास निघणारा एक विषय म्हणजे कोण कुठली नोकरी सोडतोय. शिरोलीच्या फौंड्रीतून चाकणला, गोकुळ शिरगावातून थेट कतारला. रंकाळ्याच्या वाऱ्याची सवय झालेला माणूस सहजासहजी गाव सोडत नाही, म्हणूनच ही चर्चा मगरिबपर्यंत लांबते.

शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हाच पेच या शहरात सदुसष्ट वर्षांच्या एका माणसापुढे उभा राहिला होता. उस्ताद अल्लादियाखाँ. जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. ऐन उमेदीत अतिगाण्यानं त्यांचा आवाज बसला आणि परतला तो पूर्वीसारखा नव्हता. दुसऱ्या कुणी तंबोरा खुंटीला टांगला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी पेचदार, दमसासाची गायकी बांधली. जयपूर-अत्रौली घराणं म्हणून आज जग तिला ओळखतं. म्हणजे माणसाला हुनर बदलावा लागतो तो कधी पगारासाठी, कधी नशिबानं हातातलं काढून घेतलं म्हणून.

अनेक दरबारांची वाट तुडवून १८९५ च्या सुमारास ते कोल्हापुरात आले. आदल्याच वर्षी शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला होता. पुढची सुमारे सत्तावीस वर्षं खाँसाहेब इथले दरबारगवई. धाकटे भाऊ हैदरखाँ इथेच, मुलं इथेच वाढली. गाण्याची जाण असलेलं गाव, देवल क्लबासारखी संस्था, गोविंदराव टेंब्यांसारखा रसिक कलावंत. याच टेंब्यांनी पुढे त्यांचं चरित्र लिहिलं. मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ साली बोर्डिंग काढणारा राजा डोक्यावर होता. अशी नोकरी कोण सोडेल?

६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत वारले. गवयाची नोकरी कागदावर संस्थानाची असते, प्रत्यक्षात ती एका माणसाच्या कानाची असते. तो कान गेला.

पारड्याची दुसरी बाजू मुंबईत होती. तिथे राजा नव्हता, शेठ होते, मैफली होत्या आणि शिकू पाहणाऱ्या जिद्दी बाया होत्या. केसरबाई केरकरांना खाँसाहेबांची तालीम हवी होती आणि त्यासाठी लागेल ते सोसायची त्यांची तयारी होती. औषधोपचारासाठी सांगलीत राहिले असताना मोगूबाई कुर्डीकरांचा रियाज खाँसाहेबांच्या कानी पडला होता, आणि त्यांनी आपणहून शिकवायला सुरुवात केली होती. मोगूबाईही त्यांच्यामागे मुंबईला गेल्या. खाँसाहेब १६ मार्च १९४६ ला तिथेच अल्लाहला प्यारे झाले. कोल्हापूरला सत्तावीस वर्षं, मुंबईला चोवीस. सदुसष्टाव्या वर्षी सुरू केलेलं काम एवढं लांबलं! आपल्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी लोक निवृत्तीच्या फायली बांधतात.

घर मात्र पूर्ण उठलं नाही. धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ कोल्हापूरशी बांधलेले राहिले. १९३७ मध्ये थोरले बंधू मंजीखाँ गेले, तेव्हा त्यांचे शागीर्द मल्लिकार्जुन मन्सूर पुढच्या तालमीसाठी भूर्जीखाँकडेच आले. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णीही त्यांच्याकडेच शिकल्या. बापानं शहर बदललं, लेकानं उंबरा राखला, आणि घराणं दोन्हीकडे चाललं.

हा किस्सा यंदा एका कट्ट्यावर निवृत्त मास्तरांनी सांगितला, तो शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर असलेल्या तरुणाला उद्देशून. त्याला चाकणहून बोलावणं आलंय. पगार चांगला वाढतो, उत्तर ईदच्या आधी द्यायचंय. गेले चार दिवस सल्ल्यांचा पाऊस पडतोय.

"पगार वाढतोय, ते दिसतंय. खोलीभाडं किती जातंय, ते बघ की," एक चाचा.

"अम्मी आती क्या?"

"नको म्हणतीया."

"मग इस्तिखारा कर बाबा."

इस्तिखाऱ्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलाय, की दोन रकात नमाज पढून झोपलं की स्वप्नात हिरवा किंवा लाल दिवा दिसतो. हजरत जाबिर यांच्याकडून आलेल्या बुखारीतल्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेखच नाही. दोन रकात नफल आणि एक दुआ: हे काम माझ्या दीनासाठी, जगण्यासाठी भलं असेल तर ते सोपं कर, नसेल तर ते माझ्यापासून आणि मला त्यापासून दूर ठेव, आणि जिथे भलं असेल तिथे मन रमव. चौकशी करण्यातून, हिशेब मांडण्यातून सुटका त्यात कुठे नाही. मशवऱ्याला तर कुरआनात एवढा मान आहे की एका सूऱ्याचं नावच 'शूरा' आहे. फक्त मशवरा देणाऱ्यांनी भज्यांकडे बघत तो देऊ नये, इतकंच.

तरुणाची खरी अडचण भाड्याची नव्हतीच. मुलगी चौथीत आहे, बायकोनं शिलाईची गिऱ्हाइकं पाच वर्षांत जोडलीत, आणि संध्याकाळी आईच्या हातात खजूर ठेवणारं दुसरं कुणी नाही. मास्तरांनी किस्सा संपवल्यावर त्यानं एकच विचारलं, "खाँसाहेब गेल्यावर मागं घर बघायला भूर्जीखाँ होते. मला भाऊ नाही, सर."

मास्तर यावर काही बोलले नाहीत. मग त्यांनी चाकणजवळ मराठी शाळा कुठली, कंपनी राहायला खोली देते का, आई आधी महिनाभर येऊन बघेल का, असे तीन प्रश्न एका पाकिटाच्या पाठीवर लिहून त्याच्या हातात दिले.

तरावीहनंतर चौघे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर आले. समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात येतो, ही चैन दुसऱ्या कुठल्या शहरात मिळेल यावर दहा मिनिटं वाद झाला. चाकणला नाही, यावर एकमत झालं. तरुणानं पेला संपवला, पाकीट बघून मोबाईलवर कंपनीला तिन्ही प्रश्न टाईप केले, आणि न पाठवताच फोन खिशात ठेवला. "आत्ता रात्रीचं बरं दिसत नाही. सकाळी धाडतो," म्हणाला, आणि आईसाठी अर्धा लिटर दूध पिशवीत बांधून मागितलं.