समतेची हमी कोठवर पोहोचते?

राज्यघटनेने आपल्याला समतेची हमी दिली आहे, हे शाळेतले पोरही सांगेल. पण ती हमी कोणाविरुद्ध आहे आणि कोणत्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते, असे विचारले म्हणजे भलेभले घुटमळतात. आम्ही वकील नव्हे. कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता जेवढा कायदा हाती लागला, तेवढाच येथे मांडतो.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. धर्मावरून कोणाचे हक्क कमी होत नाहीत, आणि धर्म पाळण्याचे तसेच बदलण्याचेही स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, असे तो सांगतो. परंतु जाहीरनामा म्हणजे वचन. त्यावर फिर्याद लावता येत नाही. आपल्या घटनेने १९५० पासून अशा वचनाला कायद्याचे बळ दिले. कलम १४ कायद्यापुढे सर्वांना समान मानते. कलम १५ म्हणते, केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून राज्यसंस्थेने नागरिकांत भेद करू नये. कलम १६ हाच नियम सरकारी नोकरीला लावते.

‘राज्यसंस्थेने’ हा शब्द ध्यानात घ्या. सारी मेख तेथेच आहे. दुकान, उपाहारगृह, सार्वजनिक विहीर येथे खाजगी माणसालाही भेद करण्यास कलम १५ मनाई करते. पण खाजगी कारखान्याच्या फाटकावर नुसते नाव ऐकून उमेदवाराला परत पाठविले, तर कलम १६ त्याच्या मदतीला धावत नाही. घराचेही तेच. सभासदत्व पारशांपुरतेच ठेवण्याचा अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला.

नोकरीतील भेदाविरुद्ध आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५८ चा १११ क्रमांकाचा करार आहे, आणि त्यात धर्माचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताने तो १९६० साली मान्य केला. तरीही खाजगी नोकरीत धर्मावरून भेद करण्यास सरळ मनाई करणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा आजही नाही.

मग दोष एकट्या मालकाचा काय? मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवा. कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे, आणि ही आडकाठी सोबतचे कामगारच करीत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. तेथे भेद जातीचा होता, येथे धर्माचा आहे. पण शेजारच्या यंत्रावर कोण चालेल, हे ठरविणारी वृत्ती एकच.

म्हणून आमचे म्हणणे दुहेरी आहे. खाजगी नोकरीला व घराला लागू होणारा कायदा सरकारकडे मागितलाच पाहिजे. पण तो होईतो हात जोडून बसू नये. भरतीचे नियम लेखी असावेत, नकाराचे कारण कळवावे, आणि धर्म पाहून कोणाला वगळू नये, ही अटही पगारवाढीबरोबर करारात घालून घ्यावी. घटना फाटकापर्यंत आणून सोडते. आतला रस्ता संघटनेलाच बांधावा लागतो.