बारा खांब, मग चोवीस

शनिवारची दुपार. डोंबिवलीतल्या एका जुन्या सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरलेली आहे, पण गुडघ्यांच्या कुरबुरीमुळे बहुतेक मंडळी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली आहेत. क्रोशाचा क्लास आहे. काकू दिवाणावर मांडी घालून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शिकणाऱ्यांत एकच पुरुष, निवृत्त मोटरमन. त्यांना सगळे काकाच म्हणतात.

"काकू, गोल रुमाल करतोय, पण टोपी होतेय."

"मोजलंत?"

"मोजलं की."

"आता मोठ्याने मोजा."

काका सिग्नल पुकारावा तशा खणखणीत आवाजात मोजतात. पहिल्या ओळीत बारा खांब. दुसरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे चोवीस. तिसरीत एकाआड एक दोन घालून छत्तीस व्हायला हवेत. काकांचे तीस भरतात. दर ओळीला बारा वाढले तर गोल सपाट बसतो, कमी वाढले की कडा वर उचलून वाटी होते. शेजारच्या ताईंचं उलट झालंय. त्यांनी उत्साहाच्या भरात जागा दिसेल तिथे दोन-दोन घातलेत आणि रुमालाला लाटा आल्यात. त्या ओशाळून तो पिशवीत सारताहेत. खरं तर लाजायचं कारण नाही. दाइना ताइमिना या गणिताच्या प्राध्यापिकेने १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हेच मुद्दाम केलं. ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेले आणि कागदावर धड दाखवता न येणारी हायपरबोलिक भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली.

काकूंना त्याचं काही नाही. त्या काकांच्या हातून विणकाम घेतात, सुई काढतात आणि दोरा ओढतात. सर्रर्र.

"अहो, तासभर लागला होता त्याला!"

"उसवायला मिनिटही नाही लागलं. धरा."

मला वाटतं, क्लासची फी असते ती यासाठी. टाके मोबाइलवर बघूनही येतात, पण आपलंच आपण उसवायला हात धजत नाही. "चालतंय की, कोण बघतंय" म्हणत माणूस पुढची ओळ घालतो. क्रोशात ही सवलतही मोठी आहे: दोरा वाया जात नाही, फक्त कुरळा होतो.

बँकेतून परस्पर आलेल्या ताई दारासाठी तोरण करताहेत. साखळ्या, खांब, मुके खांब, पुन्हा साखळ्या. मध्येच विचारतात, "हे विकलं तर किती येतील?"

"दोऱ्याचे येतील," काकू म्हणतात, "हातांचे कोण देतंय?"

हात मात्र लागतातच. सुयांवरच्या विणकामाचं यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम लीने १५८९ सालीच केलं, पण खऱ्या क्रोशाचे कपडे विणून देणारं यंत्र आजही बाजारात नाही. क्रोशाच्या सुईचा आकडा दर टाक्याला आधीच्या विणीत कुठेतरी नवी जागा शोधून घुसतो. ती यंत्राला सापडायची कशी? म्हणून दुकानात खऱ्या क्रोशाची वस्तू दिसली, की ती कुणीतरी हातानेच केलेली असते. मग ती स्वस्त मिळाल्याचा आनंद जरा जपूनच करावा. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका घरी बसून निर्यातीसाठी लेस विणतात. त्यांना मिळणारी मजुरी किती तुटपुंजी होती, ते मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात मांडलंय.

कोपऱ्यातली कॉलेजची मुलगी कानातले इअरफोन काढून पुढे येते. यूट्यूबवर बघून तिने घरी ऑक्टोपस केलाय. पाय झकास जमलेत. साखळीच्या एकेका घरात तीन-तीन मुके खांब घातल्यामुळे स्प्रिंगसारखे वळलेत. डोक्याच्या टाक्यांतून मात्र आतला पांढरा कापूस डोकावतोय.

काकू डोकं दाबून बघतात. "सुई कितीची?"

"साडेतीन."

"खेळण्याला वीण घट्ट हवी. याच दोऱ्याला अडीचची घे. आणि हात आवळ जरा, ढिला सोडतेस."

मुलीला पुढचं कळतं. ती ऑक्टोपस छातीशी धरते. "सगळं उसवायचं?"

"डोकं उसव."

"आणि पाय?"

"पायांनी काय केलंय?" म्हणत काकू कात्री शोधायला लागतात.