तक्रार एकाची, दोष दुसऱ्याचा

महिन्याची अखेरची तारीख आहे. एका मोठ्या कारखान्याच्या कचेरींत पगारपत्रक काढावयाचें आहे. कारकून संगणकाला नेहमींची आज्ञा देतो. परंतु पत्रकाच्या जागीं पडद्यावर एकच ओळ उमटते कीं, पगार काढणारी प्रोसीजर अवैध झाली आहे. गेल्या महिन्यांत ती बिनतक्रार चालली होती, आणि त्यानंतर तिच्या एका अक्षरालाहि कोणी हात लावलेला नाहीं. कित्येक घरांचें वाणसामान आणि भाडें ज्या पत्रकावर अवलंबून, तेंच असें अडून बसलें म्हणजे धांवपळ होणारच. मग बिघडलें तरी काय?

हें समजण्यासाठीं डेटाबेसची घडण थोडी पाहिली पाहिजे. माहिती ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांच्या रूपानें ठेवावी, ही कल्पना एडगर कॉड या संशोधकानें १९७० सालीं मांडली. मोठ्या संस्थांचे व्यवहार आज बहुतांशीं तिच्यावरच चालतात. तळाशीं तक्ते असतात. त्यांवर ‘व्ह्यू’ उभा असतो. व्ह्यू म्हणजे सामान्यतः स्वतः कांहीं न सांठवतां तक्त्यांतील हवा तेवढाच भाग दाखविणारी खिडकी. त्या खिडकींतून पाहून हिशेब करणारी आज्ञावली ती प्रोसीजर. अशी ही एकावर एक रचलेली उतरंड आहे; आणि खालचें मडकें हललें कीं वरचें डगमगतें, हें घरांत वावरणाऱ्या कोणालाहि सांगावयास नको.

प्रस्तुत कचेरींत झालें तें इतकेंच कीं, कर्मचाऱ्यांच्या तक्त्यांतील ‘मूळवेतन’ या रकान्याचें नांव एका अभियंत्यानें बदललें. ओरॅकल नांवाच्या डेटाबेसमध्यें असा बदल होतांच तो रकाना वापरणारा व्ह्यू आणि त्या व्ह्यूवर उभी असलेली प्रोसीजर या दोहोंवर ‘अवैध’ असा शिक्का आपोआप बसतो. गंमत अशी कीं, शिक्का बसतांना कोणीच ओरडत नाहीं. पुढें केव्हां तरी त्या वस्तूचें काम पडलें म्हणजे डेटाबेस तिची पुन्हा जुळणी करून पाहतो. जुळली तर काम निमूटपणें चालतें. न जुळली तरच तक्रार उमटते. म्हणून चूक घडते पंधराव्या तारखेस आणि बोभाटा होतो तिसाव्या तारखेस!

नवशिका मनुष्य येथें हटकून फसतो. जी प्रोसीजर ओरडते, तिचीच तो पुनःपुन्हा जुळणी करीत बसतो. खरी वाट खालीं उतरणारी आहे. ओरॅकलमध्यें ‘यूजर डिपेंडन्सीज’ नांवाची एक नोंदवही असते. कोणती वस्तु कोणावर उभी आहे, हें तींत लिहिलेलें असतें. तिच्या आधारानें प्रोसीजरवरून व्ह्यूकडे, व्ह्यूवरून तक्त्याकडे उतरत जावें. जी वस्तु स्वतः अवैध, पण जिच्या खालचें सारें धड आहे, तेथें थांबावें. दोष त्याच सांध्यांत असतो. व्ह्यूच्या व्याख्येंत नवें नांव घालून बाहेर जुनेंच नांव दाखविलें, कीं वरची प्रोसीजर न बदलतां जुळते.

कधीं कधीं सारें जागच्या जागीं असूनहि प्रोसीजर ‘असा तक्ताच नाहीं’ म्हणून हटून बसते, आणि तिच्या मालकाला तर तो तक्ता डोळ्यांसमोर दिसत असतो! तेव्हां परवानगी तपासावी. ओरॅकलमध्यें ‘रोल’च्या मार्फत मिळालेला अधिकार सामान्य प्रोसीजरच्या आंत चालत नाहीं, तो मालकाला थेट द्यावा लागतो.

पोस्टग्रेसचा स्वभाव निराळा. तेथें रकान्याचें नांव बदललें तरी व्ह्यू मोडत नाहीं, कारण तो रकान्याला आंतल्या क्रमांकानें ओळखतो. तक्ता काढूं गेल्यास मात्र डेटाबेस नकार देऊन त्यावर अवलंबून असलेल्यांची यादी पुढें करतो. त्या यादीखालीं ‘कॅस्केड’ हा शब्द वापरण्याची सूचना असते; ती घाईनें मानूं नये. त्या शब्दासरशीं तक्त्यावरचे व्ह्यूहि जातात, आणि इतर तक्त्यांना त्याच्याशीं बांधणारे नियमहि तुटतात.

एक अडचण नोंदवहीनेंहि सुटत नाहीं. कांहीं प्रोसीजर आपली आज्ञा ऐन वेळीं शब्दाला शब्द जोडून तयार करतात; अशा आज्ञेंतील नांवांची नोंद तींत होत नाहीं. रकान्याचें नांव बदलण्यापूर्वीं तें सगळ्या आज्ञावल्यांच्या मजकुरांत शोधावें लागतें, आणि तेंहि तुकड्यातुकड्यांनीं. कारण ‘मूळ’ एका ओळींत आणि ‘वेतन’ चार ओळी खालीं, असें तें विखुरलेलें असूं शकतें.