एक्स-रे वाचणारे कुठे गेले?

२०१६ साली टोरांटोतल्या एका परिषदेत जेफ्री हिंटन यांनी ठामपणे सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा. पाच, फार तर दहा वर्षांत संगणक त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. सांगणारा माणूस साधा नव्हता. डीप लर्निंगचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, पुढे २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला. एमबीबीएसनंतर शाखा निवडणाऱ्या मुलांच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं.

पाच वर्षं केव्हाच सरली. रेडिओलॉजिस्ट आहेत, उलट ते पुरत नाहीत. आपलं विधान फार सरसकट होतं, हे हिंटन यांनीही नंतर मान्य केलं.

यंत्र मात्र कच्चं निघालं नाही. २०१६ मध्येच मुंबईत क्युअर डॉट एआय ही कंपनी सुरू झाली. छातीच्या एक्स-रेत क्षयाची शंका असलेला भाग तिचं सॉफ्टवेअर रंगवून दाखवतं. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षं आणि त्यावरच्या लोकांच्या क्षयतपासणीत माणसाऐवजी अशा सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचायला हिरवा कंदील दाखवला. जिथे फिल्म बघायला डॉक्टरच नाही, तिथे हे वरदानच आहे.

मग नोकऱ्या टिकल्या कशा? कारण फिल्म वाचणं हा त्या कामाचा एक भाग आहे. सोनोग्राफीचा प्रोब फिरवायचा, गाठीत नेमकी सुई घालायची, जुना सीटी काढून ताडून बघायचा, सर्जनला फोन करून ‘थांबू नका’ म्हणायचं. भाकितात हे धरलंच नव्हतं.

माझी काळजी वेगळी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या एका नियतकालिकात पोलंडमधला अभ्यास आला. मोठं आतडं दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाताशी एआय आलं, आणि त्यानंतर त्याच्या मदतीशिवाय झालेल्या तपासण्यांत अडेनोमाच्या गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर घसरलं. एका अभ्यासावरून निकाल लावू नये, हे खरं. पण ही तर कसलेली माणसं होती! ज्याची नजर अजून तयार व्हायची आहे, त्या रेसिडेंटचं काय? रात्रपाळीत ढीगभर फिल्म बघायच्या, चुकीचा रिपोर्ट लिहायचा, सकाळी मॅडमनी तो खोडून कारण विचारायचं, यातूनच ती तयार होते. रेसिडेंटने आधी स्वतःचा रिपोर्ट लिहून सही करावी आणि मगच यंत्राची खूण उघडावी, एवढा नियम वैद्यकीय महाविद्यालयांनी याच सत्रापासून करायला हवा.