हेपॅटायटिस सी बरा झाला; आता घेतली तर चालेल?

औषधांचा कोर्स संपून बारा आठवडे उलटले, की हेपॅटायटिस सीच्या रुग्णाची शेवटची मोठी रक्ततपासणी होते. सगळं नीट झालं असेल तर रिपोर्टवर छापून येतं, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. रक्तात विषाणूचा मागमूस नाही. डॉक्टर अभिनंदन करतात, बायको मनोमन हात जोडते, आणि ती औषधांच्या खिडकीकडे गेली की रुग्ण खुर्ची जरा पुढे सरकवून विचारतो, ‘डॉक्टर, आता कधीतरी थोडी घेतली तर चालेल ना?’

प्रश्न रास्त आहे. दटावून गप्प केलं तर तो हाच प्रश्न मित्रांना विचारतो, आणि मित्रांचं उत्तर काय असणार ते ठाऊक आहे. खरं उत्तर बहुतेकदा त्याच्या हातातल्या फाइलमध्येच असतं. फक्त ते या नव्या रिपोर्टवर नसतं. उपचार सुरू होण्याआधीच्या कागदांत असतं, आणि ते कागद पुन्हा कोणी उघडत नाही.

विषाणू निघून जाणं इतकं सोपं झालंय, ही खरं तर विज्ञानाची मोठी कमाई. हा विषाणू ओळखला गेला 1989 मध्ये. त्या शोधमालिकेसाठी हार्वी ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना 2020 चं नोबेल मिळालं. मधली अनेक वर्षं उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शनं. सहा महिने ते वर्षभर ताप, अंगदुखी, उदासी, आणि एवढं सोसून बरे व्हायचे जेमतेम निम्मे. 2013 च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली. तिथे बारा आठवड्यांच्या कोर्सची किंमत होती 84,000 डॉलर. पुढच्याच वर्षी भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले, किंमत कोसळली, आणि 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर या गोळ्या मोफत मिळू लागल्या. आज शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात, तेही रोज गोळी घेऊन, कामधंदा न सोडता.

पण उपचार हलका झाला म्हणून आजारही हलका होता, असा समज रुजू लागला आहे. श्रावण पाळावा तसे लोक हे 84 दिवस पाळतात आणि कधी सुटतो याची वाट बघतात. कोर्सच्या पथ्याला जशी शेवटची तारीख असते, तशी यकृताच्या जखमेला नसते.

ती जखम कशी होते, ते पाहू. यकृताच्या मुख्य पेशी आणि त्यांना खेटून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. तिथे चांदणीच्या आकाराच्या पेशी राहतात. कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने 1876 मध्ये त्यांचं वर्णन केलं. पुढे शंभर वर्षं त्यांच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. निरोगी यकृतात त्यांचं काम शांत असतं : अ जीवनसत्त्व चरबीच्या थेंबांत साठवून ठेवणं. शरीरातला या जीवनसत्त्वाचा बहुतेक साठा त्यांच्याच ताब्यात असतो. मग 1985 मध्ये स्कॉट फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या आणि दाखवून दिलं, की यकृतात साठणारं कोलॅजन, म्हणजे व्रणाचे ते चिवट धागे, मुख्यतः याच पेशी तयार करतात.

शेजारच्या पेशी विषाणूच्या दाहाने मरू लागल्या की चांदणीपेशी खडबडून जागी होते. साठवलेलं जीवनसत्त्व सोडून देते, आकार बदलते आणि धागे विणायला घेते. हेतू जखम बुजवण्याचाच असतो. मात्र हेपॅटायटिस सीची जखम रोजची, आणि वीस-वीस वर्षं चालणारी. धाग्यांचे पट्टे होतात, पट्टे एकमेकांना भिडतात, मऊ यकृताचे गाठी-गाठींचे तुकडे पडतात. हा सिरॉसिस. विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहिलेल्यांपैकी 15 ते 30 टक्के लोक वीस वर्षांत इथवर पोहोचतात, आणि बहुतेकांना तोवर काहीही जाणवलेलं नसतं.

दारूचा याच पेशींशी थेट संबंध आहे. यकृतात अल्कोहोलचं आधी अॅसिटाल्डिहाइड होतं, आणि ते चांदणीपेशींना चेतवतं. शिवाय दारूमुळे आतड्याचं अस्तर पाझरू लागतं, जिवाणूंचे अंश यकृताकडे येतात आणि दाह वाढतो. म्हणजे विषाणू आणि दारू दोघं वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच पेशीला कामाला लावतात. उपचाराने एक वाट बंद झाली. दुसरी उघडी ठेवायची की नाही, हे आपल्या हातात राहतं.

मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते 2012 मध्ये उंदरांवर झालेलं काम. इजा थांबली की जाग्या झालेल्या चांदणीपेशींचं काय होतं, हे दोन गटांनी तपासलं. काही पेशी मरून जातात. पण बऱ्याच पुन्हा शांत होतात, वरवर पूर्वीसारख्याच. तरी त्या पूर्वीसारख्या नसतात. नव्याने इजा झाली तर कधीच न जागलेल्या पेशींपेक्षा त्या लवकर आणि जोमाने धागे विणू लागतात. उंदराचं ते माणसाचं, असं सरसकट म्हणता येत नाही. तरीही बरं झालेल्या रुग्णाने ‘माझं लिव्हर आता नव्यासारखं आहे’ असं धरून चालू नये, याला एवढा आधार मला पुरेसा वाटतो.

आता त्या जुन्या कागदाकडे. व्रणाची पायरी एफ-0 ते एफ-4 अशी मोजतात. एफ-0 म्हणजे व्रण नाही, एफ-4 म्हणजे सिरॉसिस. मोजायची सोपी तपासणी फायब्रोस्कॅन. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली. बरगड्यांच्या मध्ये थंड जेल लावून यंत्राची टोकणी टेकवतात आणि ती टकटक करते. प्रत्येक टिचकीची लहर यकृतातून किती वेगाने गेली ते मोजलं जातं. यकृत जितकं कडक, तितकी लहर वेगवान. साधारण दहा वेळा मोजून मधला आकडा धरतात, तो किलोपास्कलमध्ये येतो. हेपॅटायटिस सीमध्ये साडेबाराच्या पुढे गेला तर सिरॉसिस धरून चालतात.

हे यंत्र जवळ नसेल तर साध्या रक्ततपासणीवरूनही अंदाज काढता येतो. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. समजा वय 52, एसजीओटी 80, एसजीपीटी 64, प्लेटलेट एक लाख तीस हजार. वर 4160, खाली 130 गुणिले 8 म्हणजे 1040. उत्तर 4. हा आकडा 3.25 च्या वर गेला की यकृत बरंच जखडलेलं असण्याची शक्यता मोठी. हे आकडे उपचारापूर्वीचेच घ्यायचे, कारण विषाणू गेल्यावर एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही पटकन खाली येतात.

फायब्रोस्कॅनमध्येही हाच धोका आहे. दाहाने सुजलेलं यकृतही यंत्राला कडक लागतं. विषाणू गेला, सूज उतरली, की आकडा झपाट्याने घसरतो. लोक म्हणतात, ‘अठराचा अकरा झाला, सिरॉसिस गेला.’ व्रण खरोखर विरघळू शकतात, पण त्याला वर्षं लागतात, आणि सगळ्यांचे विरघळतातच असं नाही. म्हणून उपचारापूर्वी जी पायरी होती, तीच धरून पुढचे निर्णय घ्यायचे.

ती पायरी एफ-3 किंवा एफ-4 असेल तर उत्तर एकच : दारू नाही. थोडी नाही, सणाला नाही, बिअरही नाही. सिरॉसिस असलेल्यांत विषाणू गेल्याने यकृताच्या कर्करोगाचा धोका बराच कमी होतो, पण संपत नाही, आणि दारू तो पुन्हा वाढवते. या रुग्णांनी दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायचीच असते, रिपोर्ट कितीही स्वच्छ असो. गाठ लहान असताना सापडली तर बरी करता येते. काही दुखत नाही म्हणून ही फेरी चुकवणारे पुष्कळ आहेत, आणि ते पाहून जीव तुटतो.

एफ-0 ते एफ-2 असेल आणि यकृताला दुसरा काही त्रास नसेल, तर केवळ कधीकाळी हेपॅटायटिस सी झाला होता म्हणून आजन्म बंदी घालण्याइतका पुरावा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अशा माणसाला डॉक्टर तेच सांगतील जे इतर कोणालाही सांगतील. पण इतरांना तरी काय सांगतात? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दारूला 1988 मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे, आणि सुरक्षित म्हणता येईल असं दारूचं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं. ‘दुसरा काही त्रास’ यात मधुमेह, सुटलेलं पोट, फॅटी लिव्हर, हेपॅटायटिस बी हे सगळं येतं. पन्नाशीच्या मराठी माणसाला यातलं काहीच नाही, असं विरळाच. यांपैकी एक जरी असलं तरी माझ्या मते उत्तर पुन्हा ‘नको’कडेच झुकतं.

आणि ‘थोडी’ म्हणजे किती? आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के अल्कोहोल असतं. तीस मिलीच्या स्मॉल पेगमध्ये साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. नाइंटीत तीस, क्वार्टरमध्ये साठ. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीत चाळीस, म्हणजे चार पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करावा. थिएरी पॉइनार्ड आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हेपॅटायटिस सीच्या दोन हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्रण वेगाने वाढवणाऱ्या तीन गोष्टी त्यात दिसल्या : चाळिशीनंतर झालेली लागण, पुरुष असणं आणि रोज 50 ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल. रोजची एक क्वार्टर या रेषेच्या पलीकडे जाते. बायकांचं यकृत याहून कमी प्रमाणातही बिघडतं.

एक गैरसमज उलट्या दिशेचाही आहे. ‘पितो, त्याला गोळ्या देऊन काय उपयोग?’ असं म्हणून घरचे, कधी आरोग्य कर्मचारीही, उपचार लांबवतात. हे साफ चूक आहे. नव्या गोळ्या पिणाऱ्यांच्या अंगातूनही विषाणू तितक्याच चांगल्या घालवतात. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नोंदींत हेच दिसलं. गोळ्या नियमित घेतल्या जाणं तेवढं महत्त्वाचं. पिणाऱ्याच्या यकृतावर दुहेरी मार असतो, म्हणून त्याचा विषाणू तर आधी घालवायला हवा.

रोज पिणाऱ्याने मात्र हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भास होणं, झटके येणं, असं होऊन जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडवता येते. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये उभं केलेलं मुक्तांगण हेच काम करत आलं आहे. व्यसनाची काही औषधं यकृतालाच जड जातात, पण पर्याय आहेत. रोममधल्या एका चाचणीत सिरॉसिस असलेल्या 84 मद्यपींना बॅक्लोफेन किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. बॅक्लोफेन घेणाऱ्या 42 पैकी 30 जण दारूपासून दूर राहिले, दुसऱ्या गटात 12. हा अभ्यास 2007 चा आहे, तरी आपल्याकडे कितीतरी कुटुंबांना असं औषध असतं हेच माहीत नसतं.

मोफत गोळ्या देणाऱ्या केंद्रांकडून माझी एकच मागणी आहे. दारूचं प्रमाण जोखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, पाच मिनिटांत होते. ती कोर्सच्या पहिल्याच दिवशी भरून घ्यावी. आकडा जास्त आला तर त्याच इमारतीतल्या मानसोपचार विभागाची चिठ्ठी तेव्हाच द्यावी. रुग्ण पुढचे तीन महिने गोळ्या न्यायला येणारच असतो. कोर्स संपल्यावर मात्र त्याला पुन्हा गाठणं फार अवघड होतं.